माजघरातला पांढरा डबा

साखरा, ता. सेनगाव
रविवार

प्रिय पुष्कर,

इकडं उन्हं चढलीत. तूर घरात आली, हरभराही निघाला. यंदा गडी मिळायला फार वाट पाहावी लागली, पण निघाला एकदाचा. बोअरचं पाणी उतरलंय, तरी प्यायला पुरतं. माझी तब्येत ठीक आहे. तुझे फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. फोनवर मी समोरच्याच्या आवाजाकडं बघून बोलणं बदलतो, ही माझी जुनी खोड तुला माहीत आहे. तू रडवेला झालास तर मी विरघळणार, तू आवाज चढवलास तर मीही चढवणार, आणि सांगायचं ते राहूनच जाणार. म्हणून कागद घेऊन बसलोय. सावकाश वाच.

दिवाळीत तू तो डबा घेऊन आलास तेव्हा मला किती आनंद झाला होता, हे आज लिहितानाही आठवतं. आपल्या गावात नेटची तार येणार, तार येणार, असं किती वर्षं ऐकत होतो. ती सेनगावात येऊन थांबली. तू म्हणालास, "अण्णा, तारेची गरजच न्हाई आता. मोबाईलच्या टॉवरवरूनच घरभर नेट येतं." तुझ्यासोबत आलेल्या माणसानं गच्चीवर टॉवरच्या दिशेनं ती चौकोनी पाटी बसवली, खिडकीतून वायर आत घेतली आणि माजघरात पांढरा डबा ठेवला. आत मोबाईलसारखंच सिमकार्ड असतं म्हणे. आळीतली चार माणसं बघायला आली. मी प्रत्येकाला सांगत होतो, पोरानं बसवून दिलं, पोराच्या नावावर आहे, आपल्याला काही बघावं लागत नाही.

त्याच दिवशी तू स्वयंपाकघराच्या दारावर कॅमेरा लावलास. चोऱ्या वाढल्यात म्हणालास. मी विचारलं, घरातलं सगळं दिसतं का रे यात? तू हसलास. "फक्त बाहेरचं दार दिसतं अण्णा. आवाज तर येतच न्हाई." आणि लाईट गेली तरी डबा बंद पडू नये म्हणून वर बॅटरीही आणून ठेवलीस. जाताना मला बाजूला घेऊन म्हणालास, रेवती शिकलेली पोरगी आहे, दिवसभर घरात एकटी असते, जरा लक्ष असू द्या. मी मान हलवली. लेक बायकोची काळजी करतो, असंच वाटलं मला. पुण्यात खोली मिळाली की तिला नेणारच होतास तू.

मी जन्मभर यष्टीत कंडक्टरकी केली. हिंगोली-सेनगाव, हिंगोली-नांदेड. फुकट्या प्रवासी मला चेहऱ्यावरून कळायचा. तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेर जास्त बघतो. त्यामुळं आपल्याला माणूस ओळखता येतो अशी घमेंड मला होती. तूही लक्ष ठेवायला सांगितलेलं. मग मी बघायला लागलो, आणि बघायला लागलं की काही ना काही दिसतंच.

पहिली गोष्ट घडली ती संक्रांतीच्या आधी. माझ्या छातीत दुखलं. गॅस असावा. मी रेवतीला म्हणालो, पुष्करला सांगू नको, उगाच काळजी करील. ती हो म्हणाली, ओवा-सैंधव दिलं. सांजच्याला तुझा फोन. "अण्णा, छातीत दुखतंय आन मला सांगत न्हाईत?" मी तिच्याकडं बघितलं. ती भाकरी थापत होती, मान वर केली नाही. मला वाटलं, बघा, तोंडावर हो म्हणते आणि मागं जाऊन सांगते. गोष्ट काळजीची होती म्हणून बोललो नाही. पण मनात नोंद झाली.

मग तिनं मला सांगितलं की तिच्या कॉलेजातला प्रज्ञेश नावाचा मुलगा आता एका शिकवणीच्या कंपनीत आहे, तिथं गणित शिकवणाऱ्या बाया पाहिजेत, घरी बसून नेटवरून शिकवायचं. बीएस्सीची पोरगी, दोन वर्षं चूल आणि शेत बघतेय. मी म्हणालो, कर की. ती म्हणाली, ह्यांना मी स्वतः सांगते, पक्कं झाल्यावर. दुसऱ्या दिवशी तुझा फोन मलाच आला. कुणाची नोकरी, कसली नोकरी, अण्णा तुमी तिला चढवू नका. फोन ठेवल्यावर मी तिला काहीच विचारलं नाही. मनात म्हटलं, हिनं आधी माझ्याकडून हो म्हणवून घेतलं, मग नवऱ्याला सांगितलं की अण्णाच मला कर म्हणतात. आता बापलेकांत लावून देऊन ही मजा बघणार.

आणि तीही माझ्याशी कमी बोलायला लागली. आधी चहाचा कप द्यायला यायची ती दोन मिनिटं टेकायची, गावातलं काही विचारायची. आता कप ठेवून जायची. मी माजघरात आलो की तिचं फोनवरचं बोलणं थांबायचं. मी काही विचारलं की "न्हाई", "व्हय", "बरं". मला वाटायचं, चोराच्या मनात चांदणं.

कॅमेऱ्याचंही तसंच. एक दिवस मी पाहिलं तर त्याचं तोंड बाहेरच्या दाराकडं नव्हतं, स्वयंपाकघरात वळलेलं होतं. रेवतीनं जाळी झाडताना हलवला असेल म्हणून मी काठीनं नीट केला. चार दिवसांनी पुन्हा तसाच. मी तिला जरा करड्या आवाजात म्हणालो, "त्याला हात लावत जाऊ नको बाई, महाग वस्तू हाय." ती माझ्याकडं बघतच राहिली. तिच्या त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तुझाच पुढं फोन आला, "अण्णा, रेवती कॅमेरा फिरवते का हो?" तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

लाईट गेली आणि बॅटरीही उतरली की थोड्याच वेळात तुझा फोन यायचा. "लाईट गेली का अण्णा?" मी शेजारी कौतुकानं सांगायचो, पोरगं पुण्यात असून आपल्या साखऱ्याच्या लाईटीची काळजी करतं. एवढ्या मोठ्या कौतुकात हा साधा प्रश्न मला पडला नाही की त्याला कळतं कसं.

तिच्या मुलाखतीच्या दिवशी नेट गेलं. ती चांगली साडी नेसून डब्याजवळ बसली होती, समोर मोबाईल टेकवलेला. प्रश्न सुरू झाले, तिनं दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि सगळं थिजलं. डब्यावरचा दिवा लाल. मी गच्चीवर जाऊन ती पाटी पाहिली. आभाळ स्वच्छ, टॉवर जागच्या जागी. माझ्या मोबाईलवर नेट होतं, डब्यातच नव्हतं. तिनं पुन्हा वेळ मागून घेतली, तेव्हाही तसंच झालं. ती भिंतीला टेकून बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. मी नेटच्या कंपनीच्या नंबरावर फोन लावला. बऱ्याच वेळानं एक मुलगी बोलली. म्हणाली, "काका, टॉवरचा काही प्रॉब्लेम नाही. कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याच ॲपमधून थांबवलेलं दिसतंय." मला वाटलं हिला काही समजत नाही, आपली टाळतेय. मी फोन ठेवून दिला. खरं सांगू का पुष्कर, मला समजलं होतं. पण समजून घ्यायचं नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात प्रेमानंद आला. पुसेगावहून मोटरसायकल दामटत, भर उन्हात. रेवतीचा भाऊ किती शांत माणूस आहे तुला माहीत आहे. त्या दिवशी तो बसला नाही, पाणी घेतलं नाही. "अण्णा, आमच्या पोरीनं तुमच्या घरात काय चालवलंय ते बघा," म्हणाला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. अनोळखी नंबरावरून त्याला, त्याच्या वडिलांना आणि पुसेगावातल्या अजून दोघांना एक हलतं-बोलतं चित्र आलं होतं. आपलं स्वयंपाकघर. वरून घेतलेलं. रेवती मोबाईल हातात धरून हसतेय. "तुम्ही सांगाल तिथं येते," म्हणतेय. पुरुषाचा आवाज म्हणतो, "आता मागं फिरू नका." ती म्हणते, "घरी कुणाला सांगत नाही अजून." संपलं.

रेवती आतून आली. तिनं ते पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "दादा, हे असं न्हाई." प्रेमानंदनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आबा म्हणले, ती आमच्या दारात यायला नको आता."

मी ते पुन्हा लावलं. आणखी एकदा लावलं. आणि मग मला कोपऱ्यात सूप दिसलं. पुरतं नाही, नुसता काठ, त्याच्यात थोडी तूर. पुष्कर, ते सूप माझ्या मांडीवर होतं. तिनं मला नोकरीचं सांगितलं त्याच दिवशी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तूर निवडत होतो. तिनं फोनचा स्पीकर चालू ठेवलेला, त्या बोलण्यातला शब्द न् शब्द मी ऐकला होता. प्रज्ञेश तिला सांगत होता की मुलाखतीत निवड झाली तर आठवडाभर नांदेडला शिकवायची तयारी करून घेतात, यावं लागेल. ती म्हणाली, तुम्ही सांगाल तिथं येते. मग मोबाईल जरा बाजूला धरून मला विचारलं, "अण्णा, जाऊ ना?" मी म्हणालो, "जा की पोरी." तेव्हा ती हसली. ते हसणं माझ्याकडं बघून होतं. प्रज्ञेश म्हणाला, मग आता मागं फिरू नका. ती म्हणाली, "अण्णांना माहीत आहे, बाकी घरी कुणाला सांगत नाही अजून." त्यातलं "अण्णांना माहीत आहे, बाकी" एवढं कापलेलं होतं. मी कापलेला होतो. सुपाचा काठ तेवढा राहिला.

मी प्रेमानंदला म्हणालो, "मी तिथंच बसलेलो होतो. हे सूप माझं हाय."

त्यानं माझ्या हातातून मोबाईल घेऊन तो काठ पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "मंग हे काढलं कोनी?"

आम्ही तिघांनीही एकदमच वर पाहिलं. कॅमेऱ्याचं तोंड आमच्याकडं होतं. आणि आमच्या डोळ्यांदेखत, कुणी हात न लावता, तो हळूच बाहेरच्या दाराकडं वळला.

हे सगळं तू पाहिलंच असशील. पुढचं तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. मी उठलो आणि डब्याची वायर ओढून काढली. बॅटरीचीही. मग आम्ही तिघं घरात बोललोच नाही. घराला कान आहेत म्हणतात, तसं खरंच वाटून राहिलं होतं. मागच्या शेतात बाभळीखाली जाऊन बसलो. प्रेमानंद जरा लांब उभा राहिला. मी रेवतीला विचारलं, "छातीचं दुखणं तू पुष्करला सांगितलं होतं का?"

"न्हाई अण्णा. मला वाटलं तुमीच सांगितलं."

"मी काहून सांगीन? आन नोकरीचं?"

"तेबी मला वाटलं तुमीच. ह्यांचा फोन यायचा, माझा एकेक शब्द मलाच ऐकवायचे. म्हणायचे, अण्णा सगळं सांगतात मला, तू जपून राहा." तिनं मातीतली एक काडी उचलून मोडली. "तुमी कॅमेऱ्याला हात लावू नको म्हणले ना, त्या दिवशी मी ठरवलं, ह्या घरात आता कुणाशीच बोलायचं न्हाई."

एका घरात दोन माणसं. तिला वाटायचं मी चुगल्या करतो, मला वाटायचं ती करते. आणि तू दोघांनाही तेच सांगत राहिलास. तिला अण्णा लक्ष ठेवतात म्हणालास, मला लक्ष ठेवा म्हणालास. प्रेमानंद तिकडं तोंड करून डोळे पुसत होता. मी त्याच्याबरोबर पुसेगावला गेलो. रेवतीच्या वडिलांसमोर जे झालं ते सांगितलं. त्यांनी मोबाईल काढून ते चित्र पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "दुसरं कोणी सांगितलं असतं तर मानलं नसतं. पन सोताच्या पोराविरुद्ध बाप खोटं काहून बोलंल?" या एका वाक्यानं त्या पोरीचं माहेर वाचलं. मला मात्र ते ऐकून तोंड लपवावंसं वाटलं.

त्याच दिवशी, पुसेगावच्या स्टॅंडवरून, मी तुला फोन केला होता. तो आपला शेवटचा. आठवत असेल तुला. मी फक्त विचारलं, हे तू केलंस का. मला वाटत होतं तू नाही म्हणशील. नाही म्हणाला असतास तर मी कदाचित मानलंही असतं, बापाचं मन कुठंही आडोसा शोधतं. तू नाही म्हणाला नाहीस. तू म्हणालास, "अण्णा, तुमाला यातलं समजत न्हाई. ती आज नोकरी म्हणंल, उद्या निघून जाईल." आणि मग आवाज खाली आणून म्हणालास, "कुणी विचारलं तर सांगा, तुमी त्या दिवशी घरी नव्हता. बस. एवढंच करा माझ्यासाठी." मी फोन ठेवला. यष्टी लागली होती. चढलो, आणि ओळखीच्या कंडक्टरनं नमस्कार केला तर मला त्याच्याकडं बघता येईना. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

का केलंस, ते मला अजून कळलेलं नाही. ती नको होती तर सरळ सांगायचं होतंस. जाईल अशी भीती वाटत होती तर पुण्याला घेऊन जायचं होतंस. खूप विचार केला. तू लहान असताना तुझी आई गेली, मी कायम गाडीवर, तू शेजाऱ्यांकडं वाढलास, दारात बसून माझ्या यष्टीची वाट बघायचास. गेलेलं माणूस परत येईल की नाही ही धाकधूक तुझ्यात तिथंच शिरली असेल का? शिरली असेल. पण धाकधूक वाटणं वेगळं, आणि बायकोचं हसणं कापून तिच्या भावाला पाठवणं वेगळं. पहिल्यासाठी मी तुला जवळ घेईन. दुसऱ्यासाठी माझ्याजवळ शब्द नाही.

गच्चीवरची पाटी मी उतरवली. डबा, कॅमेरा, बॅटरी सगळं खोक्यात बांधून ठेवलंय, तुझं आहे, घेऊन जा. घरात आता दुसरा डबा आहे. सेनगावच्या मुबश्शीरच्या दुकानातून आणला, सिम माझ्या नावावर, आणि पासवर्ड रेवतीनं ठेवला. मलाही तिनं सांगितला नव्हता, मी मागितलाही नाही. मग एक दिवस चहा देताना टेकली आणि आपणहून सांगितला. नेट तेच, टॉवर तोच. शिकवणीच्या कंपनीनं तिची मुलाखत पुन्हा घेतली, तीही पुरती झाली. नांदेडची तयारी करून आली. आता दुपारी माजघरात शिकवते. कुठकुठली लेकरं पडद्यावर असतात, एक चिमुरडी रोज अपूर्णांकात अडकते. तिचं बरोबर आलं की रेवती टाळी वाजवते, आणि मी ओसरीवर जागा होतो.

तरी संशय असा पटकन जात नाही, पुष्कर. परवा शेजारची सून आली होती. बोलता बोलता रेवतीनं सहज स्वयंपाकघराच्या दारावर पाहिलं आणि आवाज हळू केला. तिथं आता नुसती दोन खिळ्यांची भोकं आहेत. मीही कुणाशी मनातलं बोलायचं तर अंगणात जातो. माझंच घर, आणि मी त्यात दबकून वावरतो. हे कधी जाईल माहीत नाही.

आता खरं काम. हिंगोलीच्या वकिलांची नोटीस तुला या आठवड्यात मिळेल. रेवतीनं वेगळं व्हायचं ठरवलंय, आणि त्या चित्राबद्दल पोलिसांतही तक्रार दिलीय. मी तिला कर म्हणालो नाही, आणि करू नकोही म्हणालो नाही. ती कुठंही राहिली तरी या घराचं दार तिचं आहे, एवढं मात्र सांगितलं. त्या कागदात साक्षीदार म्हणून एकच नाव आहे. ते माझं. मी त्या दिवशी घरी होतो, हे मी कोर्टात उभा राहून सांगणार आहे. ते नाव तुला परक्याच्या कागदात अचानक दिसू नये, आधी माझ्या हातून कळावं, म्हणून हे पत्र. तारखेला मी हिंगोलीला येईन. तू मान फिरवशील कदाचित, फिरव. साक्ष झाल्यावर मी कोर्टाच्या फाटकाशी थांबेन. घरी यायचं असेल तर माझ्यासोबत ये. तुझी जेवणाची वेळ मला अजून माहीत आहे.

तुझाच,
अण्णा